शाळेच्या पडद्यावर पक्ष : तक्रार कुठे आणि कशी करायची?

प्रश्न : माझी मुलगी भांडुपच्या एका खासगी अनुदानित शाळेत सातवीत आहे. शाळा पाचवी ते दहावीची. गेल्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला मुलांना सभागृहात बसवून एका राजकीय नेत्याच्या ‘कार्या’वरची फिल्म दाखवली. शेवटी पक्षाचं चिन्ह होतं. मग त्याच नेत्याचा फोटो असलेल्या वह्या वाटल्या आणि घोषणा द्यायला लावल्या. मुलगी गप्प राहिली तेव्हा बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, “तुमच्या घरी दुसरा पक्ष चालतो वाटतं?” संध्याकाळी नेत्याच्या पेजवर रील आलं, त्यात मुलीचा चेहरा स्पष्ट दिसतो. पोलिसांत जावं का? तक्रार केली तर शाळा मुलीचा दाखला आमच्या हातात ठेवेल, अशी घरच्यांना भीती आहे. – एक पालक, भांडुप

उत्तर : पोलिसांत आत्ता जाऊ नका. मारहाण किंवा धमकी झालेली नाही. चौकीवर फार तर अदखलपात्र नोंद होईल आणि शाळा मात्र तेवढ्यानं सावध होईल. हे काम शिक्षण खात्याचं आहे आणि ते कागदावरच लढावं लागतं.

आधी एक गैरसमज दूर करतो. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकाच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. पक्षप्रचाराबद्दल घटनेत असं कलम नाही. त्यामुळे ‘शाळेत राजकारण चालतं’ एवढंच लिहिलेला अर्ज ‘तो सामाजिक कार्यक्रम होता’ या एका वाक्याच्या उत्तरानं निकालात निघतो. असे अर्ज बहुतेकदा इथेच मरतात.

म्हणून झालेल्या प्रसंगाचे तुकडे करा. तासिकेचा वेळ कशासाठी वापरला, घोषणा सक्तीच्या होत्या का, मुलीला काय बोललं गेलं, तिचा चेहरा कुठे वापरला. चारही मुद्दे वेगवेगळे मांडा. नेता कोण, पक्ष कोणता हे ओळखण्यापुरतंच लिहा. अर्ज पुरा झाला की पक्षाचं नाव झाकून वाचा. तो तुमच्या आवडत्या पक्षाविरुद्धही तसाच्या तसा देता येत असेल तर अर्ज जमला. नसेल तर शाळेला ‘हे विरोधी पक्षाचे पालक आहेत’ म्हणायची संधी तुम्हीच दिलीत.

तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा फिल्मचा नाही, बाईंच्या वाक्याचा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी आहे, आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम २९ सांगतं की शिक्षण घटनेतल्या मूल्यांना धरून असावं, मूल भीतीपासून मुक्त असावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडता यावं. घोषणा न देणाऱ्या सातवीतल्या मुलीला घरचा पक्ष विचारणं या कसोटीवर टिकत नाही. बाईंचं वाक्य मुलीनं सांगितलं त्याच शब्दांत, अवतरणात लिहा. ‘अपमानास्पद वागणूक दिली’ असं गोळाबेरीज लिहू नका. बाईंनाच खलनायक करू नका, हेही सांगतो. फिल्म लावायचा निर्णय बहुधा वरून आलेला असतो, आणि वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला नाही म्हणणं सोपं नसतं. फिल्म, वह्या आणि घोषणा यांचा जाब संस्थेला आणि मुख्याध्यापकांना विचारा. बाईंकडून फक्त त्या एका वाक्याचा खुलासा मागा.

शाळा अल्पसंख्याक दर्जाची आहे का, हे मात्र आधी तपासा. मुंबईत गुजराती, सिंधी, दाक्षिणात्य भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा पुष्कळ आहेत, आणि २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार शिक्षण हक्क कायदा त्यांना लागू होत नाही. तसं असेल तर कलम १७ वर अर्ज उभारू नका. खात्याकडे आणि बालहक्क आयोगाकडे जायचा रस्ता तरीही उघडा आहे.

घोषणांबाबत १९८६ चा बिजो इमॅन्युएल निकाल जवळ ठेवा. केरळमधल्या शाळेत राष्ट्रगीत सुरू असताना तीन मुलं आदरानं उभी राहायची, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. शाळेनं त्यांना काढलं, सर्वोच्च न्यायालयानं परत घ्यायला लावलं. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्यही येतं, हा त्या निकालाचा गाभा. जिथे राष्ट्रगीत गायची सक्ती टिकली नाही, तिथे एखाद्या नेत्याच्या जयजयकाराची कशी टिकेल? मुलीला एवढंच सांगा की शांत बसायचं. उठून जायचं नाही, वाद घालायचा नाही.

आता दाखल्याची भीती. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढायला मनाई करतं. शाळा दाखला ‘काढून घ्या’ म्हणाली तर ‘लेखी द्या’ म्हणा. असं लेखी सहसा कुणी देत नाही. दाखल्यासाठीच्या अर्जावर मात्र तुम्ही सही करू नका. एकदा ती झाली की तुम्ही स्वेच्छेनं मुलीला काढलंत असं होतं.

पहिलं पत्र मुख्याध्यापकांना. एक पान पुरे. तारीख, तास, वर्ग, काय दाखवलं, काय वाटलं, कोण काय बोललं. मग मागणी, साधारण अशी : “सदर कार्यक्रमास कोणाची परवानगी होती, याची माहिती द्यावी. यापुढे माझ्या पाल्यास कोणत्याही पक्षाच्या वा उमेदवाराच्या प्रचारपर कार्यक्रमात बसवू नये, घोषणा देण्यास सांगू नये. तिचे छायाचित्र व चित्रफीत माझ्या लेखी संमतीशिवाय शाळेबाहेर देऊ नये, आणि प्रसारित झालेली चित्रफीत काढून घेण्याबाबत शाळेने संबंधितांस लेखी कळवावे. सात दिवसांत लेखी उत्तर मिळावे.” दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिपायानं ‘ठेवा, देतो’ म्हटलं तर ती पोच नव्हे. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं आहे. पोस्टाची पावती आणि पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर वर जा. इथे मुंबईची घडी इतर जिल्ह्यांपेक्षा वेगळी आहे. जिल्हा परिषद नसल्यानं माध्यमिक शाळांवर देखरेख शिक्षण निरीक्षकांची असते : दक्षिण, उत्तर आणि पश्चिम असे तीन विभाग. भांडुप उत्तर विभागात येतं, त्याचं कार्यालय चेंबूरला आहे. निव्वळ प्राथमिक शाळा असती तर महापालिकेचा शिक्षण विभाग. तुमची शाळा पाचवी ते दहावी आहे, म्हणून अर्ज निरीक्षकांना आणि प्रत पालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खालची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची असते आणि त्यांनी ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते. त्यावरचं अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. एकाच कार्यालयात अर्ज दिला तर ‘हा विषय आमच्याकडे नाही’ या उत्तरात महिने जातात. शाळेचा अकरा आकडी युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, अर्जावर टाका.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज करा. शाळा अनुदानित असल्यानं तो थेट शाळेकडेच करता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून कागदच मागा : परवानगीचं पत्र, फिल्म देणाऱ्याचं पत्र, त्या दिवसाचं तासिका वेळापत्रक, वह्या स्वीकारल्याची नोंद. ‘का दाखवली?’ असं विचारू नका. कारणं विचारणारा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून परत येतो. तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टँप. वह्यांची नोंदच नाही असं उत्तर आलं, तर तेही तुमच्या उपयोगाचं.

पुरावा आज गोळा करा, उद्या रील उडालेलं असेल. रीलची लिंक, पेजचं नाव आणि तारीख दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून फिरवलेल्या प्रतीचा आकार लहान होऊन दर्जा उतरतो. प्रकरण न्यायालयात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते फोन कोणता, फाइल कोणती यावर उभं असतं. वह्यांपैकी एक कोरी बाजूला ठेवा.

त्या दिवशी आचारसंहिता लागू होती का, हेही पाहा. असेल तर चित्र पालटतं. निवडणूक प्रचारात मुलांचा वापर नको, असे कडक निर्देश भारत निवडणूक आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिले आहेत. लोकसभा-विधानसभेसाठी तक्रार या आयोगाच्या यंत्रणेकडे, महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोगाकडे; ही गल्लत फार होते. आचारसंहिताभंगाच्या तक्रारींसाठीचं भारत निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल अॅप तुमच्या कामाचं नाही, कारण त्यात जागेवर काढलेलाच फोटो-व्हिडिओ जातो, गॅलरीतला चालत नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. आचारसंहिता नव्हती, तर हा मुद्दा अर्जात घुसडू नका.

काय तक्रारीचं नाही, तेही सांगतो. प्रार्थनेच्या वेळी घटनेची उद्देशिका, दहावीच्या राज्यशास्त्रातला ‘राजकीय पक्ष’ हा धडा, आईवडिलांनी मतदान करावं म्हणून मुलांकरवी भरून घेतलेलं संकल्पपत्र, यात प्रचार नाही. सरकारी कार्यक्रमाचं प्रक्षेपण ही सीमारेषेवरची गोष्ट. ५ सप्टेंबर २०१४ ला पंतप्रधानांचं भाषण शाळांत दाखवण्यावरून वाद झाला, तेव्हा केंद्राला ते ऐच्छिक असल्याचं सांगावं लागलं होतं. तुमच्याकडच्या फिल्मच्या शेवटी पक्षाचं चिन्ह आहे, त्यामुळे ‘सरकारी योजनांची माहिती’ हा बचाव शाळेला मिळत नाही. अर्जात चिन्हाचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात यायला हवा.

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बाईंचं नाव घेऊन काही लिहू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची उलटी नोटीस यायला तेवढं पुरतं. त्याऐवजी त्याच सभागृहात बसलेल्या मुलांच्या आणखी दोन-तीन पालकांना प्रत्येकी स्वतःच्या शब्दांत, स्वतंत्र पत्र द्यायला सांगा. एकाच मजकुरावर वीस सह्या घेतल्या तर ती मोहीम दिसते. शिवाय कुणाच्या मुलाला घोषणा द्यायला लावली आणि कुणाच्या नाही, हा फरक स्वतंत्र पत्रांतच नोंदला जातो.