वाचकांचे प्रश्न : अपील दिल्लीला नेताना

प्रश्न : वाड्याच्या वाटणीचा दावा आम्ही दिवाणी न्यायालयात हरलो, जिल्हा न्यायालयातही हरलो. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने आमचे दुसरे अपील ‘कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न नाही’ म्हणून दाखल करून घेण्याआधीच फेटाळले. थोरले बंधू म्हणतात, सुप्रीम कोर्टात सगळा पुरावा नव्याने तपासला जातो. खरे आहे का? — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नाही. तिन्ही न्यायालयांचे वस्तुस्थितीबाबत एकमत असेल तर सर्वोच्च न्यायालय सहसा त्यात हात घालत नाही. ‘साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता’ हा मुद्दा तिथे चालत नाही, मग तो कितीही कळकळीने मांडा.

दिवाणी अपिलाचा राजरस्ता राज्यघटनेच्या कलम १३३ चा आहे. प्रकरणात सार्वत्रिक महत्त्वाचा कायद्याचा भरीव प्रश्न आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयानेच सोडवायला हवा, असे प्रमाणपत्र उच्च न्यायालयाने द्यावे लागते. पूर्वी मालमत्तेची किंमत २०,००० रुपये हेही एक माप होते. तिसाव्या घटनादुरुस्तीने १९७३ पासून ते गेले. प्रमाणपत्राची तोंडी मागणी कलम १३४-अ प्रमाणे निकाल दिला जाताच तिथल्या तिथे करायची असते. वकील त्या वेळी उभे राहिले नसतील तर ती वेळ गेली. फार हळहळू नका, अशी प्रमाणपत्रे तशीही क्वचितच मिळतात.

उरते कलम १३६ ची विशेष अनुमती याचिका, म्हणजे कोर्टाच्या आवारातली एसएलपी. लोक तिला अपील म्हणतात. ती खरे तर अपील करू देण्याची विनंती आहे आणि ती मान्य करणे न्यायालयाच्या मर्जीवर आहे. दोन न्यायमूर्तींपुढे, बहुतेक वेळा सोमवारी किंवा शुक्रवारी, ती पुकारली जाते. फाइल आदल्या दिवशीच वाचलेली असल्याने काही मिनिटांत तीनपैकी एक गोष्ट होते : फेटाळणी, समोरच्याला नोटीस, किंवा अनुमती. अनुमती मिळाली की त्याच कागदांना दिवाणी अपिलाचा क्रमांक पडतो आणि खरी सुनावणी पुढे केव्हातरी होते.

म्हणून तुमच्या याचिकेत सगळा भर एकाच गोष्टीवर हवा : कायद्याचा प्रश्न होता आणि खंडपीठाच्या नजरेतून तो सुटला. नोंदणी न केलेला वाटणीपत्राचा कागद पुराव्यात घेतला गेला का? सिद्ध करण्याचा भार चुकीच्या पक्षावर टाकला का? निकालाचा पाया असलेला दस्त कोणत्याच न्यायालयाने वाचला नाही का? असे एखादे बोट ठेवता येत असेल तरच दिल्लीचा खर्च करा. येत नसेल तर त्या पैशात भावाभावांत तडजोड बसते का ते पाहणे जास्त शहाणपणाचे.

मुदत ९० दिवसांची, आणि ती निकालाच्या तारखेपासून. नक्कल हातात पडली त्या दिवसापासून मोजणारे पुष्कळ जण इथेच फसतात. मात्र प्रमाणित नक्कल मिळवायला लागलेला वाजवी काळ वजा होतो, म्हणून नकलेचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. प्रमाणपत्र मागून नाकारले गेले असेल तर नकारापासून ६० दिवस. उशीर झालाच तर माफीचा वेगळा अर्ज लागतो. त्यात ‘घरगुती अडचणी’ एवढे लिहून भागत नाही. मुदत संपल्यापासून दाखल करेपर्यंतच्या काळाचा तारीखवार हिशेब द्यावा लागतो.

वेळ सर्वांत जास्त जातो भाषांतरात. तिथले कामकाज इंग्रजीत चालते आणि आपल्याकडचे दावे, जबान्या, पंचनामे हिंदीत असतात. जुन्या घरांतून होळकर काळातले मोडी कागदही निघतात. त्यांचे आधी देवनागरी लिप्यंतर आणि मग इंग्रजी करावे लागते. खालच्या न्यायालयात दाखल नसलेला कागद मात्र याचिकेला परस्पर जोडता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र परवानगी मागावी लागते आणि ‘आजवर का दिला नाही’ याचे उत्तर तयार ठेवावे लागते.

तुमचे इंदूरचे वकील मसुदा करू शकतात, युक्तिवादही करू शकतात, पण वकिलामार्फत दाखल करायचे तर सही ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डची, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात प्रकरणे दाखल करण्यासाठी नोंदलेल्या वकिलाचीच लागते. चार वर्षे वकिली, एक वर्ष प्रशिक्षण आणि न्यायालयाची परीक्षा, एवढे झाल्यावर ही नोंदणी मिळते. कार्यालयही न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत लागते. कागद त्यांच्याकडे मुदतीच्या निदान महिनाभर आधी पोचवा. रजिस्ट्री (न्यायालयाचे कार्यालय) पुसट प्रती, सुटलेली पाने, भाषांतराचा अभाव अशा त्रुटी काढतेच, आणि त्या दूर होईपर्यंत प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत येत नाही.

आणखी एक. याचिका दाखल झाल्याने हुकूमनाम्याची (दाव्यात झालेल्या निकालाच्या आदेशाची) अंमलबजावणी थांबत नाही. नोटीस निघाली तरी थांबत नाही. स्थगितीचा अर्ज सोबत हवा आणि त्यावर वेगळा आदेश हवा. इकडे वाड्याची मोजणी करायला माणूस दारात उभा राहिल्यावर ‘दिल्लीत केस चालू आहे’ हे सांगून उपयोग नसतो.

प्रश्न : पुतण्याला सत्र न्यायालयाने खुनाच्या आरोपातून सोडले होते. राज्य सरकारच्या अपिलात उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. आम्हालाही आधी अनुमतीच मागावी लागेल का? — लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नाही. तुमचे अपील हक्काचे आहे. कलम १३४ प्रमाणे निर्दोष मुक्तता उलटवून उच्च न्यायालयाने फाशी दिली तर थेट अपील होते. १९७० च्या कायद्याने हा हक्क जन्मठेप आणि दहा वर्षे किंवा अधिक कैदेपर्यंत वाढवला. खुनाऐवजी सदोष मनुष्यवधात शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयाने ती खुनात बदलली, तर तेवढ्यापुरती मुक्तता उलटली असेच धरतात. पण सत्र न्यायालयाची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केली असेल तर हक्क नाही. तिथे पुन्हा कलम १३६.

फरक मोठा आहे. हक्काच्या अपिलात न्यायालय पुरावा स्वतः तपासते. सत्र न्यायाधीशांनी साक्षीदार समोर पाहिले, त्यांचे मत पुराव्यावरून संभवनीय होते का, हा मुख्य प्रश्न. दोन मते शक्य असताना केवळ दुसरे बरे वाटले म्हणून उच्च न्यायालयाने मुक्तता उलटवायला नको होती, हे तत्त्व २००७ च्या चंद्रप्पा निकालात नीट मांडलेले आहे. वकिलांना सांगा, सत्र न्यायालयाच्या निकालातील प्रत्येक कारण आणि त्यावर उच्च न्यायालयाने काय म्हटले (किंवा काहीच म्हटले नाही) हे समोरासमोर मांडा.

मुदत ६० दिवसांची धरून चाला. आणि पुतण्या बाहेर असेल तर त्याने आधी शरण जायला हवे. शरणागतीचा पुरावा किंवा त्यातून सूट मागणारा अर्ज नसेल तर प्रकरण सुनावणीला लागत नाही. जामीन त्यानंतर.

प्रश्न : नवरा तुरुंगात आहे, वकिलाचे पैसे नाहीत. — इंदूर

उत्तर : कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, स्त्री म्हणून तुम्हालाही. तुरुंग अधीक्षकांमार्फत अर्ज करा किंवा इंदूर खंडपीठातील विधी सेवा समितीत जा. कागद तिथून दिल्लीच्या समितीकडे जातात. निकालाची नक्कल सोबत द्या, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.

प्रश्न : आमची एसएलपी ‘फेटाळली’ एवढ्या एका शब्दात गेली. म्हणजे उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने बरोबर ठरवला का? आता काहीच उरले नाही? — सुदामा नगर, इंदूर

उत्तर : बरोबर ठरवला असे नाही. कारणे न देता फेटाळणी म्हणजे फक्त अपिलाला परवानगी नाकारली. उच्च न्यायालयाचा निकाल वरच्या आदेशात विलीन होत नाही, असे २००० च्या कुन्हायम्मद निकालात स्पष्ट झाले आहे. त्यामुळे खरोखर पुनर्विलोकनाचे, म्हणजे त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासण्याचे, कारण असेल (ढळढळीत चूक, किंवा प्रयत्न करूनही तेव्हा न मिळालेला पुरावा) तर उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. अनुमती मिळून मग अपील फेटाळले गेले असते, तर हा रस्ता बंद झाला असता.

सर्वोच्च न्यायालयातही ३० दिवसांत पुनर्विलोकन मागता येते. पण शक्यतो तेच न्यायमूर्ती ते दालनात कागदांवरून बघतात, वकिलाला बोलायला मिळत नाही. फाशीच्या प्रकरणांत मात्र २०१४ पासून खुल्या न्यायालयात ऐकतात. त्यानंतरची क्युरेटिव्ह याचिका (पुनर्विलोकनही फेटाळल्यावरचा शेवटचा उपाय) २००२ च्या रूपा हुर्रा निकालातून आली. तिला ज्येष्ठ वकिलाचे प्रमाणपत्र लागते आणि न ऐकताच निकाल दिला किंवा न्यायाधीशांच्या पक्षपाताची शंका अशी कारणे लागतात. ‘निकाल पटला नाही’ हे त्यात बसत नाही.