सगळंच पिवळं, मग नजर ठेवायची कुठं?

प्रश्न: सोमवती अमावस्येला जेजुरीला गेलो होतो, कॅमेरा घेऊन पहिल्यांदाच. तीनशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर सगळे एकसारखे, नुसता पिवळा रंग. भंडाऱ्याला पोत नाही, माणसं कावीळ झाल्यासारखी, काही तर चक्क हिरवट. कॅमेऱ्यावर हिस्टोग्राम, म्हणजे तो उजेड-अंधाराचा आलेख, बरोबर दिसत होता. एडिट करताना सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) कमी करू का? (एक वाचक, सासवड)

उत्तर: सॅच्युरेशनला हात लावू नका हो, निदान आत्ता तरी नको. पिवळा कमी केला की भंडारा बेसनासारखा दिसतो आणि चेहरे त्याच्यासोबत फिके पडतात, कारण आपल्या कातडीच्या रंगात पिवळा-नारिंगी भरपूर असतो.

आधी हिस्टोग्रामचं बघू, कारण तिथंच फसलात. स्क्रीनवर एकच पांढरा डोंगर दिसतो ना, तो सगळ्या रंगांचा मिळून ब्राइटनेस असतो, आणि त्या हिशोबात साधारण 59 टक्के वजन हिरव्याचं, 30 लालचं आणि निळ्याचं जेमतेम 11. भंडारा म्हणजे हळद, तिच्यात लाल चॅनेल (फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा बनतो, त्यातला लाल थर) सगळ्यात वर, हिरवा त्याच्या खाली आणि निळा जवळजवळ नाहीच. म्हणजे लाल केव्हाच उडालेला, टोकाला जाऊन तपशील गमावलेला असतो आणि तो डोंगर मात्र मध्यावर निवांत बसलेला. मग पोत कुठून राहणार? मेनूत तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम मिळतो तो लावा, लाल उजव्या कडेला चिकटला की एक्सपोजर थोडं खाली घ्या, आणि पिक्चर स्टाइल (रंगांची तयार सेटिंग) व्हिव्हिडवर असेल तर न्यूट्रल करा, कारण रॉ, म्हणजे कच्ची फाइल काढलात तरी स्क्रीनवरचा हिस्टोग्राम कॅमेऱ्यानं रंग चढवलेल्या जेपेगवरूनच बनतो.

पण खाली घ्या म्हणजे थोडंच हं. लाल अंधारला तरी लालच वाटतो, गडद लाल म्हणू हवं तर, पण पिवळा अंधारला की पिवळा राहतच नाही, शेवाळी होतो. तुमची हिरवट माणसं बहुतेक सावलीत उभी असणार, तिथं उजेड कमी आणि वरून आकाशाचा निळा उजेड हळदीवर पडतो, मग हिरवटपणा येणारच. आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग ओळखून दुरुस्त करणारी सेटिंग) ऑटोवर असेल तर आणखी घोळ, कारण कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, तो बिचारा निळं ओतून दुरुस्त करायला बघतो. सरळ डेलाइटवर ठेवा आणि विसरून जा.

आता खरं दुखणं, जे सेटिंगनं बरं होत नाही. जर्मन कवी गटेनं रंगांना वजनं लावली होती आणि पुढं बाऊहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवणाऱ्या योहानेस इटेननं तीच जागेच्या हिशोबात मांडली: पिवळा इतका झगझगीत की त्याच्या एका वाट्याला जांभळ्याचे तीन वाटे दिले तेव्हा कुठं तोल साधतो. जेजुरीत प्रकार बरोब्बर उलटा, तीन काय, नऊ वाटे पिवळे. तिथं तोल साधायचा नादच सोडून द्यायचा. पिवळ्याला जमीन समजा, रांगोळीला सारवण असतं तशी, आणि फोटो कशाचा तर जे पिवळं नाही त्याचा. छायाचित्रकार विल्यम एगल्स्टननं 1973 मध्ये अमेरिकेत मिसिसिपीतल्या ग्रीनवूडला एका खोलीचं लालभडक छत काढलंय, फ्रेमभर लाल, आणि त्यात बल्बकडे जाणाऱ्या तीन पांढऱ्या वायरी. लक्षात राहतं ते लाल, पण नजर चालते त्या वायरींवरून.

माझी पहिली सोमवती तुमच्यासारखीच वाया गेली. पालखी गडावरून कऱ्हा नदीकडे निघाली, येळकोट येळकोट चाललेलं, मुठी उधळतायत, आणि मी वाइड लेन्स लावून सगळं एकदम पकडायला बघतोय. एकच फोटो जमला तो दमून बसल्यावर. दीपमाळेच्या पायाशी एक म्हातारे वाघ्या टेकले होते, खांद्यावर काळी घोंगडी, आणि घोंगडीच्या चुण्यांमध्ये भंडारा साठलेला, वर लोकरीच्या काळ्या कुसांवर एकेक कण अडकलेला. इतका वेळ जो पिवळा सपाट ऑइलपेंट वाटत होता त्याला काळ्याशेजारी एकदम दाणा आला. मग त्यांनी तळहातानं डोळे पुसले तर पापण्यांभोवती तपकिरी कातडीचे दोन गोल उघडे पडले आणि मधे डोळ्यांचं पांढरं. तेवढाच फोटो!

तर पुढच्या वेळी असलं काहीतरी शोधा. भंडाऱ्यासोबत खोबऱ्याचे तुकडे उधळतात, ते पांढरे, शटर 1/1000 सेकंदावर ठेवलंत तर हवेत थांबलेले सापडतील. उन्हाकडे तोंड करून उभे राहा, भंडाऱ्याच्या पाठीमागून उजेड आला की तो उडताना पेटतो, तुमच्या बाजूनं आला तर नुसता रंग फासल्यासारखा. आणि कडेला निळा शर्टवाला येतोय का बघत राहा, एवढ्या पिवळ्यात कोपऱ्यातलं बोटभर निळंसुद्धा नजर ओढून नेतं. तोच मधोमध आला तर मात्र सोडू नका.

गडावर लेन्स बदलू नका हे वेगळं सांगायला नकोच. मी बदलली होती. दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा उघडला तर आधी हळदीचा वास आला म्हणे.

प्रश्न: पावसाळ्यात मावळात गेलो की सगळं हिरवंगार, डोळ्यांना छान वाटतं पण फोटो कंटाळवाणा येतो. सगळे लाल छत्री घ्या सांगतात. (एक वाचिका, तळेगाव)

उत्तर: लाल छत्रीचा मला आता वीट आलाय, खरं सांगतो. हिरव्यातच किती हिरवे असतात ते बघा की, भाताच्या रोपांचा पोपटी, त्यामागं करवंदीच्या जाळीचा काळपट, बांधावरच्या गवताचा तिसराच. फोटोत ते एक होतात कारण ओल्या पानांवर आकाशाचा पांढरा चकाका असतो. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाका कापणारा फिल्टर) लावून हळूहळू फिरवा, चकाका गेला की हिरवे आपोआप वेगळे होतात. आकाश पांढरंफटक असेल तर फ्रेममधून काढूनच टाका, त्याऐवजी भिजलेला काळा कातळ किंवा धुक्याची पट्टी येऊ दे. आणि माणूस हवाच असेल तर आवणी करणाऱ्या बायकांच्या पाठीवर निळं प्लास्टिक असतं, तेच जे आहे ते काढा ना.

प्रश्न: एकच रंग जास्त झाला की मी फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून टाकतो. चालतं का? (एक वाचक, मिरज)

उत्तर: चालतं, पण पळवाट म्हणून केलं तर कळतं. पिवळा आणि उजळ कातडी करड्यात जवळजवळ एकाच टोनला येतात, म्हणजे जो माणूस रंगात निदान ओळखू येत होता तोही गायब. करायचंच तर कन्व्हर्ट करताना पिवळ्याची स्लायडर खाली ओढून बघा, भंडारा काळवंडतो आणि त्यात मघाचे खोबऱ्याचे तुकडे चमकायला लागतात. फार ओढलीत तर फाटतो, दाणे दिसतात. आणि लाल चॅनेल फोटो काढतानाच उडालेला असेल तर त्या सपाट डागांना कुठलीच स्लायडर वाचवत नाही.