आजीबद्दल पाच मिनिटं बोलायचं आहे, यादी न वाटता कसं बोलू?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात आजींचं वर्षश्राद्ध आहे आणि घरच्यांनी पाच मिनिटं बोलायचं काम तुमच्यावर सोपवलंय. आजी देशभर हिंडल्या, महिला मंडळ चालवलं, मोठं घर ओढलं; पण लिहायला बसलं की गावांची आणि पदांची यादीच होते. आमची माई गेली तेव्हा माझं अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहितोय.

माई म्हणजे माझी मोठी काकू. इंदुरात रामबागेत आमचं एकत्र कुटुंब होतं. मोठे काका रेल्वेत गार्ड, त्यामुळे वर्षाला तीन पास मिळायचे. काकांना ड्यूटीबाहेर गाडीत बसायचा कंटाळा. माईला मात्र पास वाया गेलेला खपायचा नाही. काशी, रामेश्वर, पुरी, द्वारका, बद्रीनाथ... माझ्या पहिल्या कागदावर एवढंच उतरलं होतं, आणि खाली मंडळाचं अध्यक्षपद किती वर्षं ते. ताईनं, म्हणजे माईच्या मुलीनं, तो वाचला आणि काही न बोलता परत दिला. मग माळ्यावरून माईची पत्र्याची पेटी काढली. आत वह्या होत्या.

प्रत्येक प्रवासाला दोन पानं. डाव्या पानावर खर्च, अगदी हमालाच्या पैशांपर्यंत. उजव्या पानावर कोणाचं काय काम. "समोरच्या वहिनींच्या भावाला जबलपूरला लोणच्याची बरणी पोचवणे." "मागच्या वाड्यातल्या आजींना काशी दाखवणे, त्यांना रात्री दिसत नाही, खालचा बर्थ." "मास्तरांच्या मुलीला परीक्षेला भोपाळला सोडणे, परत आणणे." आम्ही दोघं त्या वह्या रात्री दीडपर्यंत वाचत बसलो. ज्याचं उजवं पान कोरं आहे असा एकही प्रवास सापडला नाही. माईला फिरायची हौस होती असं मी आयुष्यभर समजत होतो. हौस होतीच, पण ती कधी एकटीची नव्हती.

एका पानावर फक्त "मावशींना प्रयाग" असं लिहिलेलं होतं. तो प्रवास मला आठवतो, मी बरोबर होतो, नऊ-दहा वर्षांचा असेन. मावशी म्हणजे आमच्या गल्लीत धुणीभांडी करायच्या त्या. त्या वारल्या. मुलगा रोजंदारीवर, चार दिवसांचा खाडा परवडण्यासारखा नव्हता, आणि आईच्या अस्थी प्रयागला जाव्यात ही त्याची इच्छा. माई म्हणाली, मी नेते.

तेव्हा इंदूरहून खंडव्यापर्यंत छोटी लाइन, म्हणजे मीटरगेज होती. (ही लाइन टाकायला तुकोजीराव होळकरांनी 1870 साली इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्ज दिलं होतं, हे काका गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला अभिमानानं सांगत.) लाल कापडात बांधलेला अस्थींचा गडू माईनं खिडकीजवळच्या खुंटीला अडकवला, खाली कुठे टेकवला नाही. महू गेलं, पाताळपाणीचा घाट सुरू झाला. कालाकुंडला पानात बांधलेला कलाकंद विकायला येतो, तो मला घेऊन दिला. आणि मोरटक्क्याच्या पुलावर गाडी चढली तशी ती त्या गडूकडे बघून म्हणाली, "मावशी, नर्मदा आली हं. नमस्कार करा."

मी घाबरलो. मग सवय झाली. खंडव्याला मोठ्या लाइनच्या गाडीत बसलो. इटारसी, जबलपूर, सतना, माणिकपूर, प्रत्येक मोठं स्टेशन आलं की माई मावशींना नाव सांगायची. रात्री जबलपूरला मी झोपेत होतो, तरी तिचा आवाज कानावर आला होता. मावशी जिवंतपणी महूच्या पुढे गेल्या नव्हत्या. नैनी मागे टाकून गाडी यमुनेच्या पुलावर आली तेव्हा माई उभी राहिली, गडू हातात घेतला आणि खिडकीशी धरला.

सभेत मी एवढंच सांगितलं. पुरी-द्वारका काढूनच टाकलं.

पण आणखी एक गोष्ट सांगितली, ती ताईची परवानगी घेऊन. माई असं कोणाकोणासाठी जात असताना घर माझी आजी आणि माझी आई रेटत होत्या. एकदा ताईला चार दिवस ताप होता आणि माई दुसऱ्याच कोणाला घेऊन रामेश्वरला. तेव्हा फोन नव्हते. ती परतली तेव्हा ताप उतरून गेला होता. ताई त्यावरून पुढे कित्येक वर्षं तिच्याशी तुटक वागली. माईनं या विषयावर कधी सफाई दिली नाही, पण त्यानंतरच्या वह्यांत उजव्या पानावर सगळ्यात वर "ताईची परीक्षा कधी? तब्येत?" असं लिहिलेलं आहे. तुमच्या आजींच्या बाबतीतही घरात असं कोणाच्या मनात काही असेल, तर ते विचारा. बोलायचं की नाही हे त्या माणसावर सोडा, पण विचारा जरूर. समाजकार्याचं कौतुक बाहेरचे करतातच. त्याची किंमत घरातल्यांनी मोजलेली असते आणि ती कोणी विचारत नाही.

मंडळाचं कामही असंच एका गोष्टीवरून सांगता येतं. हिवाळ्यात नर्मदेच्या परिक्रमावासींसाठी माईचं मंडळ सदावर्त पाठवायचं: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ-तिखट, गूळ, काडेपेटी, प्रत्येकाची वेगळी पुरचुंडी. पायी परिक्रमा माईला स्वतःला करायची होती, 1300 किलोमीटरची नदी उजव्या हाताला ठेवून चालायचं. गुडघ्यांनी ऐकलं नाही. मग ती मोरटक्क्याला जाऊन चालणाऱ्या बायकांशेजारी बसायची आणि काल मुक्काम कुठे होता, वाट कशी होती, घाटावर पायऱ्या किती, असं विचारत राहायची. मंडळाचे अहवाल माझ्याकडे आहेत. त्यात पुरचुंड्यांचा आकडा आहे, हे नाही.

वह्या नसतील तर आजींबरोबर प्रवासात शेजारी बसलेलं कोणी शोधा. मंडळातल्या बायकांना "आजी कशा होत्या?" असं विचारू नका, "चांगल्या होत्या" एवढंच उत्तर येतं. "त्या पिशवीत काय न्यायच्या?" असं विचारा. एक प्रवास निवडा, बाकीचे सोडायला जड जाईल तरी सोडा. पाच मिनिटांत सावकाश बोललं तर साधारण पाचशे शब्द होतात. आणि ज्यांच्या घरची गोष्ट सांगणार त्यांना आधी फोन करा. मावशींच्या मुलाला मी केला होता. तो आला होता, पहिल्या रांगेत ताईशेजारी बसला.

लिहून झालं की इथे टाका, मी वाचेन.