वाचकांचे प्रश्न : लाल वाइनच्या पिंपातली व्हिस्की

प्रश्न : भाच्यानं परदेशातून रेड वाइनच्या पिंपात मुरवलेली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, नुसत्या माल्टची व्हिस्की) आणली, ४६ टक्के अल्कोहोलची. मे महिन्यात उघडली. रंग सुरेख, पण घोट घेतला की नाकात चटका आणि जीभ कोरडीठाक. यात वाइन मिसळलेली असते का? बाटली खराब निघाली का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : बिघाड काही दिसत नाही. वाइन मिसळत नाहीत. वाइन काढून घेतली तरी ओकच्या फळ्यांत ती मुरलेली राहते. फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं. त्यात व्हिस्की भरली की फळ्यांतलं हळूहळू तिच्यात उतरतं. पुष्कळदा व्हिस्की आधी बर्बनच्या, म्हणजे मक्याच्या अमेरिकी व्हिस्कीच्या, पिंपात वाढवतात आणि शेवटचे काही महिने वाइनच्या पिंपात ठेवतात. तेव्हा लेबलवर ‘फिनिश’ असं छापलेलं असतं.

जीभ कोरडी करतं ते टॅनिन. द्राक्षाच्या सालीतलं आणि ओकमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून जांभळं खाल्ल्यावर आकसते तशी जीभ आकसते. वाळूजच्या एका मद्य कारखान्यात माझी सगळी नोकरी चाखणीच्या टेबलावर झाली. मला हा तुरटपणा आवडतो. फक्त तो उशिरा यायला हवा. आधी मनुका, आलुबुखार, थोडी व्हॅनिला आणि मग तुरट, तर पिंप चांगलं वापरलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुरटच, तर लाकडानं व्हिस्की खाल्ली म्हणायचं. रंगावरून मात्र काही ठरवू नका. स्कॉचमध्येसुद्धा कॅरमेलचा रंग घालायला परवानगी आहे.

नाकातला चटका लातूरच्या उन्हाळ्याचा. बाहेर चाळीस अंश असताना कपाटातली बाटलीही तापलेली असते आणि अल्कोहोल भसकन वर येतं, फळांचा वास त्याखाली दबतो. बाटली बंद ठेवूनच थोडा वेळ गार पाण्याच्या बादलीत उभी करा. वीस-बावीस अंश पुरे. बर्फ घालू नका, गारठ्यात वास मिटतो आणि तुरटपणा वाढतो. तोंडाशी निमुळता पेला घ्या, आधी तशीच चाखा. मग तीस मिलीत चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिली पाणी घाला. ४६ टक्के उतरून साडेएकोणचाळीसच्या आसपास येतात. पाणी बोअरचं नको, आपल्याकडचे क्षार चव बिघडवतात. लसणाची चटणी, तिखट चिवडा चाखणं झाल्यावर.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. इथल्या वाइनच्या पिंपात, इथल्या उन्हात अशी व्हिस्की मुरेल का?
– एक शेतकरी, जालना जिल्हा

उत्तर : उष्णता आडवी येत नाही, उलट लाकडाचा गुण लवकर उतरतो. तैवानच्या कावालान डिस्टिलरीनं वाइनची पिंपं आतून तासून, शेकून, पुन्हा जाळून वापरली. त्यांच्या ‘विन्यो बारिक’ला २०१५ मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट ठरवलं. खर्च वाफेचा आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातली व्हिस्की वर्षाला साधारण दोन टक्के उडते, आपल्या हवेत दहाच्या घरात. त्या हिशेबानं २०० लिटरचे चार वर्षांत १३१ उरतात.

पण कडवंचीपासून तुमच्यापर्यंत आपल्या जिल्ह्यात खाण्याची द्राक्षं जास्त. लाल वाइनला काबर्ने किंवा शिराझसारखी वाइनच्या द्राक्षांची जात लागते. पिंपाचा विचार करण्याआधी एक-दोन ओळी शिराझच्या लावून पाहा.