धालो-फुगड्यांच्या संग्रहाचं सॉफ्टवेअर सीडीवर प्रेस करायचं आहे. कारखान्यात मास्टर देण्याआधी काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले धालो (पौषात बायका मांडावर, म्हणजे ठरलेल्या अंगणात, म्हणतात ती नाचगाणी), फुगड्या आणि जुनी भजनं यांचा ध्वनिमुद्रणांसह शोधता येणारा संग्रह तुमच्या गटाने सॉफ्टवेअर म्हणून तयार केला आहे. चवथीच्या आधी शाळा आणि वाचनालयांना त्याच्या हजारेक सीडी द्यायच्या आहेत. प्रेसिंगवाले फक्त ‘फायनल मास्टर पाठवा’ म्हणतात, आणि मास्टर म्हणजे नेमकं काय पाठवायचं ते कळत नाही.

मी फोंड्यात राहतो. शाळा, देवस्थानं आणि लहान प्रकाशक यांच्या डेटा सीडी तयार करण्याचं काम बरीच वर्षं करतो आहे. तुमचं काम महत्त्वाचं आहे, ते नीट व्हावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हजार प्रती काढताना कारखाना सीडी राइट करत बसत नाही. काचेच्या गुळगुळीत तबकडीवर प्रकाशसंवेदी थर देतात, त्यावर लेझरने तुमचा डेटा लिहितात, तो थर डेव्हलप करून (लिहिलेल्या जागी बारीक खड्डे उमटतात) त्यावर धातू चढवतात आणि त्यावरून निकेलचा साचा, म्हणजे स्टॅम्पर, काढतात. या साच्यात वितळलेलं पॉलिकार्बोनेट दाबलं की १.२ मिलिमीटर जाडीची तबकडी खड्ड्यांसकट तयार होते. मग ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लॅकर, त्यावर छपाई. यातला काचेचा टप्पा झाला की पुढे दुरुस्ती नाही. एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी नवी काच, नवा साचा आणि नवा खर्च. म्हणून माझा एकच आग्रह: तुम्ही शेवटची तपासलेली फाइल आणि कारखान्यात गेलेली फाइल ही बाइट न् बाइट एकच असली पाहिजे. तपासल्यावर ‘एवढं एक स्पेलिंग सुधारतो’ म्हणून कुणी फाइल उघडली, तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

ही फाइल म्हणजे आयएसओ इमेज, अख्ख्या सीडीची एकाच फाइलमधली प्रतिकृती. फोल्डर झिप करून पाठवू नका. झिप पाठवली तर इमेज तिकडचा ऑपरेटर बनवणार, आणि ती तुम्ही कधीच चालवून पाहिलेली नसणार. काही कारखाने डीडीपी नावाचा संच मागतात. तो या इमेजवरूनच तयार होतो.

आता खरं काम, म्हणजे सॉफ्टवेअर. हार्ड डिस्कवर उत्तम चालणारा प्रोग्राम सीडीवर अडतो याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे तो आपल्याच फोल्डरमध्ये काहीतरी लिहू पाहतो: सेटिंग, लॉग, शेवटचं ऐकलेलं गाणं, शोधाचा इतिहास. सीडीवर एक बाइटसुद्धा लिहिता येत नाही. हे सगळं वापरणाऱ्याच्या खात्यातल्या फोल्डरमध्ये गेलं पाहिजे, आणि तिथेही लिहिता आलं नाही तरी प्रोग्राम गुमान चालू राहिला पाहिजे. डेटाबेस एसक्यूलाइटमध्ये असेल तर जर्नल मोड बघा. वॉल (WAL) मोडमधला डेटाबेस मुख्य फाइलशेजारी आणखी दोन फाइली तयार करायला जातो आणि सीडीवर नुसत्या वाचनासाठीही उघडत नाही. प्रेसिंगच्या प्रतीत तो डिलीट मोडवर आणा, व्हॅक्यूम करा (म्हणजे फाइलीतली रिकामी जागा काढून टाका), शोधाची सूची आधीच बांधून ठेवा आणि उघडताना फक्त वाचनासाठी उघडा.

ड्राइव्हचं अक्षर कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नको. तुमच्याकडे डी असेल, साखळीच्या शाळेत जी असेल. सगळे पत्ते प्रोग्राम जिथून सुरू झाला त्या जागेपासून मोजा. लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे व्हिज्युअल सीचे रनटाइम, डॉटनेट वगैरे, सीडीवरच द्या. जिथे नेट नाही तिथल्यासाठीच ही सीडी आहे, तेव्हा ‘डाउनलोड करा’ अशी सूचना तिथे निरुपयोगी. शाळांत ३२ बिटचे जुने विंडोज अजून सापडतात, म्हणून ३२ बिटचाच बिल्ड द्या, तो ६४ बिटवरही चालतो. उलट फार जुन्या साधनाने केलेला सेटअप १६ बिटचा असला तर ६४ बिट विंडोज तो सुरूच करणार नाही. संग्रह एचटीएमएलच्या पानांत करून ब्राउझरमध्ये दाखवणार असाल तर आणखी एक खाच आहे: सीडीवरून थेट उघडलेल्या पानाला शेजारची डेटा फाइल फेच करू द्यायला क्रोम नकार देतो. तो डेटा स्क्रिप्ट फाइलमध्ये घालून पानाला जोडावा लागतो.

फाइलींच्या नावांवर थोडा जास्त वेळ घालवा, कारण आपल्या मराठी मंडळींचं इथे हमखास अडतं. सीडीची मूळ फाइल पद्धत आयएसओ ९६६० ही १९८८ ची. तिच्या पहिल्या पातळीत नाव आठ अक्षरांचं आणि पुढे तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन, तेही मोठी रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढ्यातच. फोल्डरही आठ पातळ्यांच्या खाली नेता येत नाहीत. विंडोज ९५ च्या काळात मायक्रोसॉफ्टने त्यावर जोलिएट आणलं. त्यात युनिकोड नावं चालतात, म्हणजे देवनागरीही, पण मर्यादा ६४ चिन्हांची आहे. ही चिन्हं आपण अक्षरं मोजतो तशी मोजली जात नाहीत. ‘स्त्रीगीत’ आपल्या डोळ्याला तीन अक्षरं, पण अर्धी अक्षरं, हलन्त आणि वेलांट्या धरून संगणक नऊ मोजतो. ‘पेडणे तालुक्यात पौष पौर्णिमेच्या रात्री मांडावर म्हटलेलं वनदेवतेचं गीत’ असं फाइलचं नाव ठेवलंत तर नाव मधेच कापलं जाईल, आणि दोन गाण्यांची सुरुवात सारखी असेल तर दोघांची नावं एकच होऊन बसतील. मी अशा वेळी सीडीवर साधी रोमन नावं ठेवतो, लहान लिपीत, गावाचं संक्षिप्त रूप आणि क्रमांक एवढंच. सुंदर मराठी शीर्षक डेटाबेसमध्ये ठेवतो आणि पडद्यावर तेच दाखवतो. कोडमध्येही अक्षरांची लिपी जशीच्या तशी पाळा. विंडोजला लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. इमेज बनवताना जोलिएटच्या जोडीला रॉक रिज ही लिनक्ससाठीची लांब नावांची पद्धतही चालू ठेवा. एमकेआयएसओएफएस किंवा झॉरिसो ही मोफत साधनं दोन्ही एकाच इमेजमध्ये देतात. सीडीचं नाव मोठ्या रोमन अक्षरांत आणि सोळा अक्षरांच्या आत असू द्या, म्हणजे दोन्हीकडे पूर्ण दिसेल.

पडद्यावरची देवनागरी मात्र युनिकोडच हवी. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली गाणी असतील तर ती आधी बदलून घ्या, नाहीतर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती रोमन खिचडी दिसेल आणि शोध तर चालणारच नाही. मुक्त परवान्याचा फॉन्ट, उदाहरणार्थ ‘मुक्त’ (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी, प्रोग्रामबरोबरच द्या आणि त्याच्या परवान्याची फाइलही ठेवा.

जागेचा हिशोब सोपा आहे. ७४ मिनिटांच्या सीडीवर दर सेकंदाला ७५ याप्रमाणे ३,३३,००० सेक्टर, म्हणजे डेटाचे ठरावीक मापाचे तुकडे, असतात. प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटचा, पण त्यात तुमचा डेटा २०४८ बाइट. बाकीच्यात ओळखचिन्हं आणि चुकांची दुरुस्ती करणारी जादा माहिती असते. आवाजाचा एखादा नमुना (सॅम्पल) गेला तर गाण्याच्या सीडीत प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून तो भरून काढतो, कानाला कळतही नाही. प्रोग्राममध्ये एक बिट चुकला तरी तो बंद पडू शकतो, म्हणून डेटा सीडीवर हा जादा पहारा बसवलेला आहे. गुणाकार केलात तर ६८ कोटी १९ लाख ८४ हजार बाइट होतात, यालाच ६५० एमबी म्हणतात. ८० मिनिटांची ७०० एमबीची सीडी मिळते, पण तिच्यात डेटाच्या चक्राकार रेषेचे वळसे जास्त दाटीने बसवलेले असतात. शाळांतल्या म्हाताऱ्या ड्राइव्हचा विचार करून मी ६५० च्या आतच राहतो. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत एक मिनिट साधारण एक एमबी घेतं, म्हणजे सॉफ्टवेअर धरूनही दहा-अकरा तासांचं ध्वनिमुद्रण मावेल. बायकांचा समूहस्वर एकाच मायक्रोफोनने घेतला असेल तर मोनो ठेवा, तेवढीच जागा वाचेल. मूळ असंकुचित ध्वनिमुद्रणं मात्र वेगळी जपून ठेवा, एमपीथ्री हा तुमचा मूळ ठेवा होऊ देऊ नका.

ड्राइव्हचं डोकं एका जागेवरून दुसरीकडे जायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी घेतं. हजारो बारीक फाइली सुट्या टाकल्या तर पहिलं पान उघडायलाच वेळ लागेल आणि मास्तर सीडी काढून ठेवतील. चित्रं आणि पाठ एका मोठ्या फाइलीत बांधा.

इमेज बनवण्याआधी फोल्डरमधला केरकचरा काढा: थंबनेलच्या लपलेल्या फाइली, बॅकअप, अर्धवट मसुदे. आणि डेटाबेस उघडून तक्ता तक्ता पाहा. गाणाऱ्या बायकांचे फोन नंबर, घरचे पत्ते तुम्ही नोंदींसाठी ठेवले असतील. ते पडद्यावर दिसत नसले तरी फाइलीत असतात, आणि हजार घरांत गेल्यावर परत मागवता येत नाहीत. हे मला सगळ्यात गंभीर वाटतं. त्याच ओघात परवानगीचं बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे गाणाऱ्याला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. गीत परंपरेचं असलं तरी मांडावर ते म्हणणाऱ्या बाईचा आवाज तिचा आहे. प्रत्येकीकडून लेखी संमती घ्या, तिला कळेल अशा भाषेत वाचून दाखवून. कलम ५२-अ प्रमाणे ध्वनिमुद्रणावर आणि वेष्टनावर ते करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापावं लागतं. हक्क तुमचे असल्याचं पत्र कारखानाही मागेल.

विषाणूंची तपासणी करा, इमेज बनवा आणि लगेच तिचा एसएचए-२५६ (फाइलीवरून काढलेला ओळखीचा आकडा, एक बिट बदलला तरी तो बदलतो) काढून कागदावर लिहून ठेवा. इथून पुढे इमेजला हात नाही.

आधी ती संगणकावर माउंट करून, म्हणजे ड्राइव्हमध्ये सीडी घातल्यासारखी उघडून, चालवा. लिहिण्याच्या बहुतेक चुका इथेच पकडल्या जातात. मग एका चांगल्या कोऱ्या सीडीवर मध्यम वेगाने राइट करून तुमच्या नाही, तर दुसऱ्यांच्या यंत्रांवर चालवा. ॲडमिन नसलेल्या खात्यातून, नेट काढून, जुन्यात जुन्या ड्राइव्हवर, आणि मराठीत नाव असलेल्या खात्यातूनही, कारण त्या फोल्डरच्या पत्त्यात देवनागरी आली की काही प्रोग्राम कोलमडतात. प्रत्येक गाणं शेवटपर्यंत वाजवा, सुरुवात ऐकून पुढे जाऊ नका. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि कडेच्या भागातच दोष जास्त, म्हणून इमेजमध्ये शेवटी पडलेल्या फाइली आवर्जून बघा. ऑटोरनवर, म्हणजे सीडी घातली की प्रोग्राम आपोआप सुरू होण्यावर, विसंबू नका. आताचं विंडोज फार तर विचारतं, काही ठिकाणी ते बंदच असतं. ‘सुरू करा’ अशा अर्थाचं सहज दिसणारं एक नाव सीडीच्या पहिल्याच पातळीवर ठेवा, आणि वेष्टनावर दोन ओळींत सांगा.

कारखान्याला इमेज नेटवरून पाठवलीत तर सोबत तो एसएचए-२५६ द्या आणि पोचल्यावर त्यांनी काढलेला आकडा मागवा. सीडी-आरवर मास्टर मागितलं तर ते डिस्क-ॲट-वन्स पद्धतीने, एकाच सेशनमध्ये आणि फायनलाइज करून (पुढे काही लिहिता येणार नाही असं बंद करून) राइट झालेलं हवं. ट्रॅक-ॲट-वन्समध्ये लेझर थांबून पुन्हा सुरू होतो त्या जागी जोडाचे सेक्टर उरतात. घरच्या ड्राइव्हला ते चालतात, पण मास्टरिंगचं यंत्र त्यांना दुरुस्त न होणारी चूक समजून मास्टर नाकारतं. दोन प्रती पाठवा. त्यांवर कागदी स्टिकर लावू नका, तोल जातो. मधल्या पारदर्शक कड्यावर सीडीच्या खास पेनने नाव आणि आवृत्ती लिहा.

सगळ्या प्रती प्रेस करण्याआधी नमुन्याची सीडी मिळेल का ते विचारा. थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या, तिची इमेज वाचून मूळ इमेजशी ताडून बघा. इमेजच्या शेवटी भरतीचे शून्य सेक्टर जोडले गेले असतील तर लांबी वेगळी येते, म्हणून तुमच्या इमेजच्या लांबीपुरतंच ताडा.

आपल्याकडच्या पावसाळ्याचंही बघा. ॲल्युमिनियमचा थर छापील बाजूच्या लॅकरच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वरून पडलेला ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक असतो आणि त्यातून ओल आत शिरते. नुसत्या कागदी पाकिटापेक्षा प्लास्टिकची डबी परवडत असेल तर तीच घ्या. आणि ज्या शाळांच्या नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नाही, त्यांना हीच तपासलेली इमेज पेनड्राइव्हवर द्या. विंडोज ८ पासून ती दोन क्लिकमध्ये उघडते.

स्टॅम्पर किती काळ जपून ठेवतात हे कारखान्याला ऑर्डर देतानाच विचारून घ्या, पुढच्या वर्षी आणखी प्रती लागल्या तर काचेचा खर्च वाचेल. तुमचा प्रोग्राम कशात लिहिलेला आहे आणि ध्वनिमुद्रण एकूण किती तासांचं आहे ते खाली सांगितलंत, तर इमेज बनवण्याची नेमकी आज्ञा लिहून देतो.