कार-रेसच्या सिनेमात तीच गाडी पुन्हा पुन्हा मागे कशी पडते?

एकच क्षण अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेला असतो आणि संकलनात तो वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा वापरतात, म्हणून. ‘बुलिट’ या हॉलिवूड सिनेमातल्या (१९६८) पाठलागात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर तीच हिरवी फोक्सवॅगन बीटल गाडी कितीदा तरी मागे पडते. गुंडांच्या डॉज चार्जर गाडीला चाकं चार, पण व्हीलकॅप (चाकांवरच्या चकत्या) त्याहून जास्त निखळतात! तरी संकलनाचं ऑस्कर याच सिनेमाला मिळालं, आणि ते योग्यच होतं. तो थरार आजही टिकून आहे.

मला जास्त खटकतात त्या गाडी चालवण्यातल्या चुका. आमच्या चिपळूणचा परशुराम घाट उतरताना ट्रकवाले खालच्या गिअरवर येतात. मग इंजिनच गाडी रोखून धरतं, ब्रेक तापत नाहीत. सिनेमातला हिरो मात्र उतारावर, ऐन वळणात वरचा गिअर टाकतो. असं केलं तर गाडी आवरणं कठीण.