‘आजी, तू आहेस ना?’

प्रश्न : ताई, प्रभूच्या नावात सलाम. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. निवृत्त झाल्यापासून माझे यजमान मोबाइलवर शेवटच्या काळाविषयीचे हिंदी व्हिडिओ तासन्‌तास बघतात. कुठे युद्ध पेटलं, भूकंप झाला की वहीत तारीख टाकून लिहून ठेवतात. प्रभू येशू इतक्यातच परत येणार, मग मुलीच्या नर्सिंगची फी भरून काय करायचंय, असं म्हणतात. मल्हारगंजातल्या वडिलोपार्जित घरावरून थोरल्या दिरांशी बोलणं बंद आहे, ते वेगळंच. पण मला काळजी नातवाची आहे. आजोबांशेजारी बसून तोही बघतो. आता रात्री मधेच उठतो, अंधारात माझ्या पायाला हात लावतो आणि विचारतो, “आजी, तू आहेस ना?” प्रभूच्या येण्याची तयारी ती हीच का?

उत्तर : सलाम. आधी नातवाचं बघू, यजमानांचं मग.

आपले सगळे एका क्षणात प्रभूकडे उचलले जातील आणि आपण एकटे मागे राहू, ही त्या लेकराची भीती आहे. हे व्हिडिओ त्याला आजपासून दाखवू नका, आजोबा रागावले तरी चालेल. झोपताना त्याच्याजवळ बसून मार्क १० वाचा. शिष्य मुलांना हाकलत होते, येशूने त्यांना कवेत घेतलं. येणार आहे तो हाच येशू, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. तो पुन्हा पायाला हात लावेल, तेव्हा “झोप रे” म्हणून कूस बदलू नका. उठून जवळ घ्या.

आता ‘उचलले जाण्या’विषयी. विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जातील आणि बाकीचे मागे राहतील, ही मांडणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकांनी केली. १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलमधल्या टिपांमुळे ती दूरवर पोहोचली. पुष्कळ मंडळ्या ती मानतात, पुष्कळ मानत नाहीत. तो वाद इथे नको. पण ती ज्यावर उभी आहे तो उतारा, म्हणजे थेस्सलनीकातल्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय (१ थेस्सलनी ४), यजमानांना शेवटपर्यंत वाचायला लावा. थेस्सलनीकरांची माणसं वारली होती आणि ते शोकात होते, म्हणून पौलाने तो लिहिला. शेवटी तो म्हणतो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. ज्या वचनाने घरातलं पोर रात्री दचकून उठतं, ते कुठेतरी चुकीचं वाचलं जातंय.

त्या मंडळीची पुढची गोष्ट तर तुमच्याच घरातली वाटेल. प्रभूचा दिवस आलाच आहे, अशी आवई तिथे उठली. ‘आमच्याकडून आलेल्या’ म्हणवल्या जाणाऱ्या पत्राने घाबरून जाऊ नका, असं पौलाला दुसऱ्या पत्रात लिहावं लागलं. म्हणजे नावाने खपवलेले निरोप तेव्हाही फिरत असावेत! काही जण कामधंदा सोडून बसले होते. त्यांना तो सांगतो, काम करायचं नसेल त्याने खाऊही नये. स्वतः पौल तंबू शिवून पोट भरत होता, आणि प्रभूची वाट त्याच्याइतकी आतुरतेने कोणी पाहिली असेल?

तारखा काढणारे पुढेही झाले. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. काहींनी उभं पीकही काढलं नाही. रेडिओवरून उपदेश करणारे हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली, तेव्हा लोकांनी जाहिरातींत पुंजी घातली. तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाच ठाऊक नाही, असं प्रभूने मत्तय २४ मध्ये सांगून ठेवलं आहे. युद्धं आणि भूकंपही त्याच अध्यायात आहेत, पण तिथे तो म्हणतो, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही.

त्याच अध्यायात आणखी एक चिन्ह आहे, ते मात्र वहीत कोणी लिहीत नाही : पुष्कळांची प्रीती थंडावेल. यजमानांनी ती नोंद मल्हारगंजच्या नावाने करावी. हे मी टोचून लिहीत नाही. मी नर्स होते. रात्रपाळीत मरणाच्या दारातली माणसं जवळून पाहिली. “भावाला बोलवा” हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि भाऊ पोहोचेपर्यंत कित्येकदा उशीर झालेला असे. घराची वाटणी वकिलाकडे चालू राहू द्या, पण बोलणं त्यासाठी अडवू नका. येत्या प्रभुभोजनाआधी त्यांनी दादांकडे जावं. नुसता चहा घेऊन आले तरी पुष्कळ झालं.

तुम्ही विचारता, तयारी ती कोणती? नवऱ्या मुलाची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा मत्तय २५ मधला दाखला आपण सगळ्यांनी ऐकलाय, पण त्यातल्या दहाही जणी झोपल्या होत्या, शहाण्यासुद्धा, हे सहसा कोणी सांगत नाही. नवऱ्या मुलाने झोपेबद्दल कोणाला बोल लावला नाही. म्हणजे रात्रंदिवस डोळे ताणून आकाशाकडे बघत बसणं त्याने मागितलेलंच नाही. त्याच्या थोडं आधी, २४ व्या अध्यायाच्या शेवटी, एक दास आहे. धनी येतो तेव्हा तो घरच्यांना वेळेवर जेवण देत असतो, आणि प्रभू त्याला धन्य म्हणतो. माझ्या मते तयारीचं याहून स्पष्ट चित्र शुभवर्तमानात नाही. तुमच्या मुलीची फी हे तिचं वेळेवरचं जेवण आहे. शिवाय ती शिकतेय नर्सिंग. मत्तय २५ मध्ये राजा म्हणतो, मी आजारी होतो आणि तुम्ही माझा समाचार घेतला. ते काम करायला ती निघाली आहे, आणि प्रभू येणार म्हणून तिलाच थांबवायचं?

यजमानांवर चिडू नका. प्रभूची ओढ लागणं वाईट नाही, आपल्यात ती कमीच असते. नोकरी सुटल्यावर दिवस खायला उठतो, हेही असेल. पाळकसाहेबांना विचारून त्यांना आजाऱ्यांच्या भेटींना सोबत घेऊन जायला सांगा. रात्री मोबाइलऐवजी मत्तय २४ आणि २५ सलग, नातवाला झोपवल्यावर, दोघांनी मिळून वाचा. फीची मुदत जवळ आली असेल तर ती मात्र आधी भरा, चर्चा मागाहून होईल.